बेटावरचे ढोल

बुधवारी चारला पाच मिनिटं कमी असताना धाकटी कॉलेजच्या रेडिओच्या खोलीत शिरली, तर सर तिच्याआधीच येऊन बसलेले. टेलिफोन त्यांनी मांडीवर घेतला होता, आजारी मांजर घ्यावं तसा, दोन्ही हातांनी.

"सहा आठवडे झाले," सर म्हणाले. "फोन किती आले?"

"एक आला होता, सर."

"त्याला चपलांचं दुकान हवं होतं."

सर संख्याशास्त्र शिकवायचे. कामं वाटायची बैठक झाली त्या दिवशी ते रजेवर होते, म्हणून रेडिओ त्यांच्या गळ्यात पडला होता.

"आज पाचपर्यंत एक जरी खरा फोन आला, तरी तुझा कार्यक्रम राहील. नाही आला, तर पुढच्या बुधवारपासून या वेळेत माझी उजळणी."

"उजळणीला तरी फोन येतील का, सर?"

"उजळणीला फोन लागत नाहीत. परीक्षा येते."

कार्यक्रमाचं नाव होतं 'जे हाती लागेल ते', आणि तो नावाला जागत असे. मेंढपाळांच्या शिट्ट्या, मागोमाग बँड, मग कुठल्याशा शाळेतल्या पोरांनी चमच्यांवर वाजवलेलं गाणं. रेडिओ ऐकू जायचा कॉलेजात आणि आसपासच्या चार गल्ल्यांत, त्यातही कोण ऐकतं कोण जाणे. पण आठवड्यातल्या बाकीच्या सगळ्या तासांपेक्षा हा एक तास तिला जास्त आवडायचा. उगाच नव्हे, खरंच.

आज तिने हुकमाचा पत्ता आणला होता. जुन्या बाजारातल्या एका कॅसेटवर तिला कुठल्याशा दूरच्या बेटावरचे ढोल सापडले होते. दोन संध्याकाळी घालवून तिने ते आपल्या छोट्या रेकॉर्डरवर उतरवून घेतले होते. साडेचारपर्यंत इकडचं तिकडचं लावून झालं, फोन गप्पच होता. मग तिने घसा साफ केला.

"श्रोतेहो, आता ऐका बेटावरचे ढोल. घाई करू नका. सुरुवात संथ आहे, पाण्यासारखी. मग हळूहळू अंगात येतं. शेवटी तर कोणाला आवरता येत नाही."

तिने बटण दाबलं. सुरुवातीला पाण्याचा आवाज आला.

"पाणी?" सरांनी विचारलं.

"समुद्र असेल, सर. बेट आहे ना."

पाणी थांबलं. घुर्र... घुर्र... खडाड्. खडाड्. आवाज वाढत गेला. धाकटीच्या कपाळाला आठी पडली. कॅसेटवर असलं काही नव्हतं. पण आवाज ओळखीचा होता, फारच ओळखीचा.

"अहो, धरा त्याला!" ढोलांमधून एक बाई ओरडल्या. "चाललं बघा दाराकडे!"

"जाऊ दे गं," एका पुरुषाचा आवाज आला. "मेकॅनिक आला की शहाण्यासारखं गप्प बसतं. आज पुरावाच घेतो."

सरांनी चष्मा काढला. "बेटावरचे लोक आपलीच भाषा बोलतात?"

आता धाकटीने आवाज ओळखले. आई-बाबा! घरातलं कपडे धुण्याचं मशिन महिनाभर थैमान घालत होतं. तीनदा मेकॅनिक आला, तीनदा मशिनने हूं की चूं केलं नाही. म्हणून काल बाबांनी तिच्या टेबलावरचा रेकॉर्डर उचलला असणार. आणि तो रेकॉर्डर शेवटचं भरलेलं आधी वाजवतो, हे बाबांना काय माहीत! तिने बंद करायला हात पुढे केला.

"थांब!" सर ओरडले. त्यांच्या मांडीवरचा फोन वाजत होता.

तिने तो घेतला आणि माइकजवळ धरला. "नमस्कार, 'जे हाती लागेल ते'."

"ताई, आधी ते बंद करा."

"कार्यक्रम?"

"मशिन हो! ड्रमचं बेअरिंग गेलंय. अजून चार वेळा धुतलंत तर ड्रम बाहेर येऊन बसेल. मी कॉलेजच्या मागच्या गल्लीतला मेकॅनिक. दुकानात तुमचाच रेडिओ लावलेला असतो."

"तुम्ही दर बुधवारी ऐकता?"

"ऐकतो की. चमच्यांचं फार छान होतं."

फोन ठेवते न ठेवते तोच पुन्हा वाजला. "बेअरिंग-बिअरिंग काही नाही, मशिनचे पाय खालीवर आहेत! मी स्वतः तीनदा त्या घरी गेलोय, वहिनींचा आवाज ओळखला मी." पाठोपाठ एका आजींनी फोनच आपल्या पंख्याजवळ नेला आणि याचं काय करू म्हणून विचारलं. एकाची स्कूटर होती, एकीचं शिवणयंत्र. मध्येच आईचाही फोन आला. "अगं, आपली अब्रू अशी चव्हाट्यावर कशाला? आणि बेअरिंग कितीला पडतं ते विचार."

पाच वाजता सरांनी कागद वर केला. "चौदा. सात आठवड्यांत चौदा, म्हणजे सरासरी आठवड्याला दोन. कार्यक्रम राहिला."

धाकटी हसली, पण मनातून खट्टू झाली. चौदापैकी एकानेही गाण्यासाठी फोन केला नव्हता.

पुढच्या बुधवारी सरांच्या खुर्चीत मागच्या गल्लीतला मेकॅनिक बसला होता, हत्यारांची पिशवी पायाशी ठेवून. सरांनीच बोलावलं होतं. अर्धा तास आजारी यंत्रं, अर्धा तास तिची गाणी, असं ठरलं होतं. घरी बेअरिंग बदलून झालं होतं आणि मशिन आता नुसतं गुणगुणत होतं. फोन तर थांबतच नव्हते. मेकॅनिक डोळे मिटून, मान तिरकी करून एकेक आवाज ऐकायचा आणि निकाल द्यायचा. पट्टा सैल आहे. तेल घाला. हे आता भंगारात द्या.

साडेचार वाजले. धाकटीने यावेळी दोनदा तपासून घेतलं आणि खरे ढोल लावले. सुरुवातीला संथ, मग हळूहळू अंगात येणारे. फोन गप्प झाला. मेकॅनिकने सवयीने डोळे मिटले, मान तिरकी केली. चार मिनिटं तो हलला नाही. फक्त त्याचा पाय पिशवीवर ताल धरत होता.

मग तो माइककडे वाकला.

"ताई, याला काहीही झालेलं नाही," तो म्हणाला. "असंच चालू द्या."