हिराजीकाकांची ओली भिंत

आमच्या नवापुरातले हिराजीकाका रोज सकाळी घराला पाणी मारतात. नव्या काँक्रीटला पाणी मारावंच लागतं, हे मला मान्य आहे. मी पालघरला सिव्हिलच्या डिप्लोमाला आहे आणि परीक्षेत त्यावर हमखास प्रश्न येतो. पण काकांचं घर बांधून तीन वर्षं झाली आहेत.

मी एकदा भीतभीत सांगितलं, की पुस्तकात फार तर तीन आठवडे लिहिलं आहे. काका बादली खाली न ठेवता म्हणाले, "पुस्तकवाल्याचं घर दर्याकाठी हाय काय?" ते मला माहीत नव्हतं. काकांचा सगळा विचार होडीचा. लाकडी होडी किनाऱ्यावर ओढली की तिच्यावर पाणी मारत राहायचं, नाहीतर "फळी सुकते नि फट पडते." आधी तर ते समुद्राचंच पाणी मारायचे. खाऱ्या पाण्याने आतलं लोखंड गंजतं, हे मी वहीत चित्र काढून दाखवल्यावर विहिरीचं मारू लागले. माझ्या शिक्षणाचा गावाला झालेला हा आजवरचा एकमेव उपयोग. तेव्हापासून काका मला 'इंजिनेर' म्हणतात. आमच्या घरात माझ्याआधी कुणी कॉलेज पाहिलेलं नाही, त्यामुळे सुके बोंबील विकणाऱ्या माझ्या आईलाही ते खरं वाटतं.

घर बांधण्याआधी काका वर्षभर मोकळ्या जागेत प्लास्टिकची खुर्ची टाकून बसले होते. वारा फिरला की खुर्ची फिरायची. काकी गेल्यापासून माणूस बिघडला, असं गावाने ठरवून टाकलं. पण मे महिन्यात जिथे खुर्चीत डोळा लागायचा तिथे ओटी झाली आणि जिथे पावसाने छत्री उलटी केली तिथे बिनखिडकीची भिंत. पावसाळी वाऱ्याच्या बाजूला घराचा कोपरा होडीच्या नाळेसारखा, म्हणजे तिच्या पुढच्या टोकासारखा, निमुळता आहे. "वाऱ्याला छाती नाय दाखवायची, नाळ दाखवायची," असं काका म्हणतात.

आमच्या सरांनी मात्र 'निसर्गाशी सुसंगत काँक्रीट घर' बघायला वर्गाला केळव्याला नेलं. मुंबईच्या कुणाचं तरी शनिवार-रविवारचं घर. पश्चिमेची पूर्ण भिंत काचेची, समुद्र दिसावा म्हणून. ऊन येतं म्हणून तिला दिवसभर जाड पडदा. मी वहीत दोन्ही गोष्टी लिहून घेतल्या. काकांना सांगितलं तर ते म्हणाले, "दर्या बघायचा तर दर्यावर जावं. घरात वारा घ्यायचा."

काकांच्या घराला प्लास्टर नाही. आपली जुनी होडी मोडून तिच्याच फळ्या त्यांनी सेंट्रिंगला, म्हणजे काँक्रीट ओतायच्या साच्याला, लावल्या. त्यामुळे भिंतींवर लाकडाच्या रेषा उमटल्या आहेत, खिळ्यांच्या खुणासुद्धा. फळ्या वाकड्या होत्या, म्हणून भिंतींना थोडं पोटही आलं आहे.

या पोटावरूनच भांडण पेटलं. काकांचा एकुलता एक मुलगा नितेश बोईसरला कंपनीत आहे आणि तिथेच तिसऱ्या मजल्यावर राहतो. त्याचं लग्न पंधरा दिवसांवर आलं होतं. नवरीकडची माणसं विचारतील, घर कधी पुरं होणार, असं त्याचं म्हणणं. लग्नाआधी सगळ्या भिंतींना प्लास्टर, पुट्टी, रंग.

काका माझ्याकडे आले. "लिवून दे. प्लास्टर लावलं तर घर पडंल. खाली सही कर, इंजिनेर म्हणून."

मी म्हटलं, मी अजून तिसऱ्या सेमिस्टरला आहे.

"मग तीन सह्या कर."

खोटं लिहिणं मला जमेना आणि नाही म्हणणंही जमेना. शेवटी घर तपासून जे खरं असेल ते लिहीन, असं कबूल करून मी टेप घेऊन गेले. समुद्राकडच्या भिंतींना प्लास्टर टिकणार नाही, खाऱ्या वाऱ्याने फुगून पडेल, हे मी आनंदाने लिहिलं. मग आतली खोली आली. तिथे काकांची खाट. ना वारा, ना ऊन. मी प्रामाणिकपणे सांगितलं, की या भिंतीला प्लास्टर केलं तर काहीच बिघडणार नाही.

काकांनी खाट ओढली. "हात लाव."

भिंत ओली होती. घरात बादली ओतता येत नाही, म्हणून तिथे ते तळव्याने पाणी लावतात. निजलेल्या माणसाचा हात पोचेल एवढ्या उंचीवर बोटभर लांबीच्या बारीक, वर उठलेल्या रेघा होत्या. अकरा. फळीवर खाचा असल्या की काँक्रीटमध्ये त्या उंचवटे होऊन येतात.

"नित्याला दर्या लागायचा. होडीवर वकला का मी त्याच्यासमोर फळीवर एक खाच मारायचो. लाज वाटावी म्हणून. अकरा फेऱ्या वकला. बाराव्या फेरीला नाय वकला, ताठ बसून आला. किनाऱ्याला लागलो नि बोलला, बाबा, मी कंपनीत जातो."

मी विचारलं, त्याला हे माहीत आहे का.

"भिंती बघायला कोण येतं?"

मी कागदावर लिहिलं: 'समुद्राकडे प्लास्टर नको. बाकी हरकत नाही. आतल्या खोलीची भिंत मुलाने स्वतः हात लावून पाहावी आणि ठरवावं.' सही एकच केली. काकांनी ते माझ्याकडून वाचून घेतलं आणि म्हणाले, इंजिनेर कच्चा निघाला.

रविवारी नितेश रंगाऱ्याला आणि पुट्टीच्या दोन गोण्या घेऊन आला. कागद वाचून हसला, मला म्हणाला, भिंतीला काय हात लावायचा, आणि आत गेला. खाट सरकल्याचा आवाज आला. काका ओटीबाहेर एकाच जागी पाणी मारत राहिले. रंगाऱ्याने पुट्टी कालवून दोनदा विचारलं, "भैया, शुरू करूँ?"

बऱ्याच वेळाने नितेश दारात आला.

"बाबा, मी दहाच वेळा वकलो होतो. एक तुमी जास्त मारलीय."

"अकरा," काका मागे न बघता म्हणाले. "एकदा तू झोपेत वकलास."

नितेशने ओला तळवा पँटला पुसला आणि रंगाऱ्याला म्हणाला, स्वयंपाकघरापासून सुरू कर, आतली खोली राहू दे. काकांची बादली रिकामी झाली होती. ती उचलून तो विहिरीकडे गेला.