तावडेकाकांचा तिसरा प्लग

आमच्या मुलुंडच्या सोसायटीत कुणीही गाडी चालू केली, की पहिल्या मजल्याच्या गॅलरीतून आरोळी यायची, "दुसरो गेलो!" नाहीतर, "चौथ्यार काजळी हा!" आरोळी ठोकणारे तावडेकाका खाली बघायचेसुद्धा नाहीत. अर्ध्या गालावर दाढीचा फेस, समोर आरसा, आणि इंजिनाच्या नुसत्या आवाजावरून चारांतला कुठला स्पार्क प्लग पेटत नाही ते सांगून मोकळे. गाडीवाला वैतागायचा, पण बॉनेट उघडून बघितलं की काका बरोबर निघायचे.

कुर्ल्याच्या एका गॅरेजात पस्तीस वर्षं त्यांनी पेट्रोलच्या गाड्या दुरुस्त केल्या. डिझेलच्या गाडीला ते गाडी मानतच नसत. "तेका प्लगच नाय. तेच्याशी बोलूचा काय?" रिटायर झाल्यावरही प्लगचा पाना खिशात असायचा. लग्नाला जाताना झब्ब्याच्या खिशात पाना घालून गेलेला दुसरा माणूस मी तरी पाहिलेला नाही.

डॉक्टर जीभ बघतात तसे काका प्लग बघायचे. काढायचा, उजेडाकडे धरायचा, वास घ्यायचा, मग निदान. तेलकट असला तर इंजिन म्हातारं झालं, पांढरा पडला तर इंजिन तापतंय, कॉफीसारखा असला तर सगळं झकास. एकदा तळमजल्यावरच्या कुलकर्णी मास्तरांच्या गाडीचे चारही प्लग काळेकुट्ट निघाले. काका म्हणाले, "मास्तर, गाडी मेव्हण्याक दिलास ना? चोक तसोच ओढून ठेवता तो, पेट्रोल जास्त जाता." मास्तरांनी मेव्हण्याला गाडी दिल्याचं बायकोपासूनसुद्धा लपवलं होतं. झालं, घरात महाभारत! काका शांतपणे म्हणाले, "प्लग कधी खोटा बोलना नाय."

त्यांचं खरं गिऱ्हाईक मी. माझी गाडी सासऱ्यांची जुनी. त्यांनी नवी घेतली आणि ही माझ्या गळ्यात मारली, वर अट घातली की दर रविवारी दहिसरला जेवायला यायचं. गाडीच्या बॉनेटची कळ केव्हाच मेली होती, म्हणून ते सुतळीने बांधलेलं. रविवारी सकाळी टीव्हीवरची मालिका संपली की आम्ही खाली उतरायचो. मालिका चालू असताना आवारात चिटपाखरूही नसे. मी चावी फिरवायचो. गाडी कशीबशी सुरू व्हायची आणि हिवताप भरल्यासारखी थडथडायची. वरून लगेच आरोळी यायची, "तिसरो गेलो!"

दर रविवारी. देवाशप्पथ, दर रविवारी तिसराच! बायको कपाळावर हात मारायची. मला काही घाई नव्हती, सासऱ्यांचं जेवण कुठे पळून जात होतं? काका बनियनवर खाली यायचे, माझ्याकडे पाठ करून बॉनेटमध्ये डोकं घालायचे. आधी तिसऱ्या प्लगवरची वायरीची टोपी बनियनला पुसायची, मग चारही प्लग काढायचे, तारेच्या ब्रशने घासायचे, पातळ पट्टी घालून त्यांच्या टोकांतली फट मोजायची. अर्ध्या तासाने गाडी लोण्यासारखी चालायची. "आरेच्या चढार चोक ओढू नको," असा दम देऊन ते वर जायचे. बनियनवर नेहमी एक पिवळा डाग असायचा. मला वाटायचं, काका आमटी सांडतात.

मग काकूंना पित्ताचे खडे निघाले आणि त्यांना घाटकोपरच्या हॉस्पिटलात भरती केलं. पुढच्या रविवारी मी चावी फिरवली आणि गाडी एका फटक्यात सुरू. थडथड नाही, काही नाही. मी खुशीत वर बघितलं, तर गॅलरीत काका गप्प उभे. ते खाली आले, बॉनेटला कान लावला आणि म्हणाले, "चारय चालतत."

"मग बरंच झालं की, काका!"

"काकू घरात नाय मा," ते म्हणाले. "ती नसली की तुझी गाडी बिघडना नाय."

मला कळेना. तेव्हा त्यांनी सांगितलं. रिटायर झाल्यावर सहा महिने ते गॅलरीत नुसते बसून असायचे, जेवणावरची वासना उडाली होती. एका रविवारी माझी गाडी खरोखरच बिघडली. काकांनी तिसरा प्लग साफ केला, वर गेले आणि दोनदा भात मागून घेतला. ते काकूंनी बघितलं. तेव्हापासून दर रविवारी, सगळे टीव्हीपुढे असताना, काकू खाली येऊन सुतळी सोडायच्या आणि तिसऱ्या प्लगवरची टोपी उचलून नुसती टेकवून ठेवायच्या.

"तुम्हाला कसं कळलं?"

"हळद रे. रविवारचा माशांचा वाटप पाट्यार वाटून तशीच खाली येता. टोपयेर तिचा पिवळा बोट." बनियनवरची आमटी ती हीच. "माका म्हायत हा, ता तिका म्हायत नाय. सांगलंय तर ती थांबतली."

न वापरलेला पाना त्यांनी खिशात टाकला. "उद्या ऑपरेशन हा. साखर हा तिका. डॉक्टर म्हणता, बघूया."

त्या दिवशी दहिसर रद्द. बायकोच म्हणाली, आधी काकांना काकूंकडे ने. वाटेत प्रत्येक सिग्नलला काका इंजिन ऐकायचे आणि वाईट बातमी सांगावी तसे म्हणायचे, "चारय चालतत."

ऑपरेशन नीट झालं. पण काकू पुरते तीन आठवडे तिथेच, आणि गाडी दर रविवारी वेळेवर दहिसरला. मी अगदी कंटाळून गेलो. शेवटी एका गुरुवारी आम्ही काकूंना घरी आणलं. त्या निम्म्या झाल्या होत्या. महिनाभर जिना उतरायचा नाही, असं डॉक्टरांनी बजावलं होतं.

रविवारी मालिका संपली. मी चावी फिरवली आणि गाडी अशी थडथडली, की आरसा हलायला लागला. नादुरुस्त गाडीचा इतका आनंद मला आयुष्यात झाला नाही.

वर काकांनी वस्तरा थांबवून कान दिला. मग फाटक्या आवाजात आरोळी आली, "तिसरो गेलो!"

काका धावतच खाली आले. या वेळी मीही शेजारी जाऊन वाकलो. तिसऱ्याची टोपी घट्ट बसलेली होती. उचललेली होती ती दुसऱ्याची, आणि पिवळं बोटही तिच्यावरच. आजारपणात काकूंचा हिशोब चुकला होता, नाहीतर दमून त्यांनी हाताला लागली ती उचलली असेल.

"उतरलीच ही जिनो," काका पुटपुटले. बनियनच्या टोकाने त्यांनी आधी डोळे पुसले, मग टोपी. वर गॅलरीत काकू कठड्याला धरून उभ्या होत्या.

"कुठचो ओ?" त्यांनी विचारलं.

काकांनी दुसऱ्या प्लगला पाना लावला आणि मान वर करून ठणठणीत आवाजात ओरडले, "तिसरोच गो! तिसरोच!"