वस्ताद आणि दोन बोटं

(हाक मारताना)

"वस्ताद, कोट पाहिजे. बन्नीमंटपला मशालींची कवायत बघायला जायचंय, पहिल्या रांगेचे पास आहेत," फत्तेसिंगराव दुकानात शिरत म्हणाले. "माप घ्या."

"घेतलं," विठ्ठलराव म्हणाले.

म्हैसुरातल्या अग्रहार भागातल्या त्या शिंप्याच्या दुकानात टेप नव्हता. विठ्ठलराव गिऱ्हाइकाकडे एकदा बघायचे, डोळे मिटायचे आणि कापडाला कात्री लावायचे. वस्ताद म्हणजे खरं तर गरडीत, म्हणजे तालमीत, कुस्ती शिकवणारा. पण पैलवानांनीच तो शब्द एकदा विठ्ठलरावांना लावला आणि मग भाजीवालीपासून सगळे लावू लागले. गल्लीतले बाकीचे शिंपी शिंपीच राहिले.

"टेप लावा की हो एकदा! स्वल्प लाज वाटते का?" त्यांच्या पत्नी सोयराबाई पडद्याआडून म्हणायच्या. काजं, बटणं, हातशिलाई त्यांच्याकडे होती.

"टेप शिंप्याला लागतो."

या खेपेला सोयराबाई दसऱ्यासाठी नंजनगुडला बहिणीकडे गेल्या होत्या. काजं-बटणं विठ्ठलरावांनी स्वतःच केली.

(कौतुकानं)

फत्तेसिंगरावांचे आजोबा म्हैसूरच्या जुन्या घोडदळात होते. त्यामुळे कुणी नुसतं बघितलं तरी रावांची छाती पुढं आणि पोट आत जायचं. आता नवा कोट घालून आरशात तर ते स्वतःच स्वतःकडे बघत होते.

"वा, वस्ताद! हा घ्या पास, तुम्हीही चला."

(कुजबुजत, मैदानावर)

"वस्ताद, बसता येत नाही."

"म्हणजे?"

"वाकलो की शिवण बोलते."

"मग बटणं काढा."

"इथं? पहिल्या रांगेत? आमचे आजोबा घोडदळात होते!"

"मग उभे राहा."

फत्तेसिंगराव उभे राहिले. मागून ओरडा सुरू झाला, "ओ सार, कूत्कोळ्ळी! खाली बसा!" रावांना उत्तर द्यायला श्वास नव्हता. ते मिशी वर करून समोर बघत राहिले. शेजारच्या एका पेन्शनर गृहस्थांना वाटलं, कुणीतरी बडं माणूस आलंय. ते घाईघाईनं उठले. त्यांच्या पत्नी उठल्या. रांग उठली. मागच्या रांगेला दिसेना, म्हणून तीही उठली. पाच मिनिटांत सगळी गॅलरी उभी राहून एकमेकांना विचारत होती, कोण आलं?

एक पोलीस अधिकारी धावत आला. "यारु बंद्रु? कोण आलंय?"

सगळ्यांनी फत्तेसिंगरावांकडे बोट दाखवलं. अधिकाऱ्यानं तो ताठ कोट वरपासून खालपर्यंत बघितला आणि उगाच चूक नको म्हणून कडक सलाम ठोकला.

विठ्ठलरावांनी उपरण्यात तोंड लपवलं.

(मनातल्या मनात, स्वतःला)

शिंपी.

(दारातून)

सकाळी सोयराबाई आल्या, सगळं ऐकलं आणि हसून हसून जमिनीवर बसल्या.

"अहो, तुम्ही असे टक लावून बघता, मग माणूस पोट आत घेणारच की! सगळेच घेतात. वीस वर्षं मी टेप लावून शिवणी उसवतेय. दोन बोटं सोडतेय."

"टेप? आपल्या घरात टेप आहे?"

"तांदळाच्या डब्यात."

एवढ्यात दारातून हाक आली, "वस्ताद!"

हा शब्द माणूस हात जोडूनही म्हणतो आणि गचांडी धरतानाही. विठ्ठलरावांनी मान वर केली नाही.

"सलाम मिळाला हो!" फत्तेसिंगराव म्हणाले. "आमच्या घरात आजोबांनंतर पहिला! असलाच अजून एक शिवा. फक्त श्वास घेता आला तर बरं." आणि छाती काढून ते उभे राहिले.

विठ्ठलरावांनी बघितलं. डोळे मिटले. मग उघडले.

"आधी पोट सोडा, रावसाहेब," पडद्याआडून सोयराबाई म्हणाल्या.

दचकून रावांनी पोट सोडलं. ते बाहेर येऊन निवांत स्थिरावलं. पडद्याच्या फटीतून एक हात आला, त्यात टेप होता, टेपला दोन तांदूळ चिकटले होते.

"चव्वेचाळीस," टेप विठ्ठलरावांकडे देऊन हात आत घेता घेता त्या न मोजताच म्हणाल्या.

विठ्ठलरावांनी टेप रावांच्या पोटाभोवती लावून बघितला. मग पुन्हा बघितला. चव्वेचाळीस.

(पडद्याकडे बघून, अगदी हळू)

"वस्ताद."

"मला ऐकू आलं," आतून सोयराबाई म्हणाल्या. "रावसाहेबांना नाही आलं बहुतेक."