रशीदभाईंचं हलकं पान

रशीदभाईंनी टेलिफोनच्या तारेवर कापूस गुंडाळला होता. "भाव तं नाही त्याले," ते म्हणाले, "तारेचं तरी भलं होऊ द्या." बार्शीटाकळीत कापसाचं नाव काढलं की माणसं गप्प व्हायची, असे ते दिवस. रशीदभाई मात्र संशोधन करत होते.

संशोधन एचटीएमएलचं. टेलिफोनच्या तारेतून येणारं इंटरनेटवरचं पान कसं दिसावं, हे कॉम्प्युटरला सांगायची ही खुणांची भाषा. बियाण्याच्या दुकानाच्या माडीवर त्यांचा कॉम्प्युटर क्लास होता. विद्यार्थी गळत गेले आणि एकच ध्यास उरला: पान झटकन उघडलं पाहिजे. ठळक अक्षरं त्यांनी बारीक केली, कारण 'जाडा माणूस जिना हळू चढते'. खुणांमधली मोकळी जागा काढली. "ते बी तारेतूनच जाते ना, मास्तर." भर दुपारी तार पेंगते, हाही त्यांचाच शोध. शाळेत मी हे रंगवून सांगे, सगळे हसत. संध्याकाळी त्यांचा जिना चढताना मात्र मान वर होत नसे.

पान एकच होतं. त्यात त्यांचं घर होतं: दारातला कडुलिंब, त्याखालची बाज, अंगणात मिरच्या वाळवणाऱ्या भाभी. मस्कतला गेलेल्या अन्वरसाठी, त्यांच्या एकुलत्या मुलासाठी. तो फोनवर दर वेळी म्हणे, "अब्बा, खुलता नहीं. टाइम नहीं रहता." म्हणून रशीदभाई कापत सुटले. रंग गेला, लिंब गेला, बाज गेली. भाभींचा फोटो पुसायचं बटण त्यांनी मला दाबायला लावलं. पांढऱ्या पानावर एक ओळ उरली: घरी सगळे खुशाल आहेत.

शुक्रवारी अन्वरचा फोन आला, तेव्हा मी तिथंच होतो. "हां अब्बा, खुल गया. एकदम फटाफट. अच्छा, रखता हूँ."

रशीदभाई रिसीव्हर धरून उभेच राहिले. मी फोन ठेवल्यावर हिवरखेडला माझी आईही अशीच उभी राहत असेल, हे तोवर माझ्या मनात आलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी ते पानात लिंबाचा फोटो परत घालत होते, चांगला मोठा. बाज आणि भाभी रांगेत होत्या.

"अहो, पान जड होईल," मी म्हटलं.

"होऊ द्या. चटकन उघडलं, तं चटकन निघून बी गेला ना तो. आता घर दिसेपर्यंत तरी थांबीन तो."

पडद्यावर लिंब शेंड्याकडून हळूहळू खाली उतरत होता. दार अजून यायचं होतं.