सरपंचबाईंचे मालक

शाळामास्तर म्हणून बदली होऊन लोहाऱ्याजवळच्या या गावात आलो, त्या पहिल्याच सकाळी शेजारच्या अंगणातून आवाज आला, "मल्लिनाथअप्पा, तुमी म्हंजे वाघ! तुमाला कुणाचं भ्या न्हाय!" मी दचकलो. हातातला चहा नव्या लेंग्यावर सांडला. सकाळी सकाळी एवढी स्तुती करायला कोण आलंय, म्हणून भिंतीवरून डोकावलो, तर अंगणात एकच माणूस. कडुनिंबाला आरसा टांगलेला, कपाळावर विभूतीचे पट्टे, छाती पुढं, आणि अप्पा स्वतःलाच अहोजाहो करत होते.

"मास्तर, दुसरा कवा म्हणंल याची वाट बगत बसायचं नसतंय," ते आरशातूनच म्हणाले. "कणा सरळ, की काम सरळ."

हे तत्त्व खरोखर चालायचं, याचाच मला जास्त धक्का बसला. वडापच्या जीपमध्ये ड्रायव्हरशेजारची जागा लोक आपणहून अप्पांना सोडत. एकदा उमरग्याला लग्नाला गेले आणि फेटा बांधून, शाल पांघरून परत आले. चौकशी केली, तर मांडवच चुकला होता. तरी पुढच्या सोफ्यावर असे ताठ बसले, की वधूपक्षाला वाटलं वरपक्षाचे आणि वरपक्षाला वाटलं वधूपक्षाचे. "सत्कार करताना कोण नाव इचारतंय?" अप्पा म्हणाले. वर जेवण बेताचंच होतं, अशी तक्रार!

अशा माणसाला सरपंच व्हायचं होतं, यात नवल नाही. पण ऐन वेळी जागा महिलांसाठी राखीव सुटली. आमच्या भागात यावर ठरलेला तोडगा आहे. नाव बायकोचं, खुर्ची नवऱ्याची. अप्पांच्या पत्नी कलावतीकाकू उभ्या राहिल्या आणि निवडून आल्या. काकूंचा आवाज तोवर गावात कुणी ऐकला नव्हता. भाजीवालीशीसुद्धा त्या दाराआडून बोलायच्या.

मग एका सकाळी भिंतीपलीकडून ऐकू आलं, "कलावतीबाई, तुमी म्हंजे वाघीण!"

"अवो, हळू. मास्तर ऐकत्याल."

"ऐकू द्या! मान वर घ्या. म्हणा, मी सरपंच हाय."

मी भाकरीचा घास हातात धरून तसाच बसलो. नवऱ्यानं बायकोला अहोजाहो केलेलं या गल्लीनं कधी ऐकलं नव्हतं. काकूंकडून मात्र भांडी घासल्याचाच आवाज येत राहिला.

पहिली ग्रामसभा आली. काकू बोलल्या तर बोलल्या, नाहीतर पाच वर्षं त्या सहीपुरत्या आणि कारभार अप्पांचा, हे शेंबडं पोरही सांगत होतं. उपसरपंचांनी रिवाजाप्रमाणे दोन खुर्च्या मांडून ठेवल्या होत्या. अप्पांच्या खुर्चीवर तर चक्क टॉवेल अंथरलेला. हारही आधी त्यांच्याच गळ्यात पडला.

अप्पांनी तो काढून काकूंच्या हातात दिला, आपली खुर्ची उचलून एका म्हातारीला नेऊन दिली आणि मागं सतरंजीवर मांडी घालून बसले. उपसरपंच उठून हाका मारू लागले.

"अप्पा, वर या की!"

"माजं काय काम? सरपंच बसल्यात की वर."

तेवढ्यात कुणीतरी मुद्दाम विचारलं, "नळाला पाणी कवा येणार? सांगा सरपंचबाई." काकूंनी अप्पांकडं पाहिलं. सगळ्या सभेनंही माना वळवल्या. अप्पा उठले, आणि आता बोलणार म्हणेपर्यंत चपला घालून बाहेर निघून गेले! भर सभेत बाईला असं वाऱ्यावर सोडायचं? मला त्यांचा संतापच आला.

काकूंनी हातातला हार खाली ठेवला. मग एक बारीक आवाज आला. "हंडा मी वाहते. तवा पाण्याचं बी मीच सांगते." पुढं तो आवाज बारीक राहिला नाही. कुठल्या गल्लीला आधी, कुठल्या गल्लीला नंतर, सगळं त्यांनी सांगितलं, आणि उद्या टाकीपाशी या म्हणून उपसरपंचांनाच बजावलं.

संध्याकाळी मी अभिनंदनाला गेलो. काकू अजून पंचायतीतच होत्या, बायकांनी सोडलंच नव्हतं. अप्पा उंबऱ्यावर एकटे बसले होते.

"निघून का गेलात हो?" मी जरा रागातच विचारलं.

"मी तितं असतो तर ती माज्याकडंच बगत बसली असती." ते हसले. "भायेरनं भिंतीला कान लावून ऐकलं की समदं. लई झ्याक बोलली."

मग त्यांनी आत वळून पाहिलं. आत चूल थंड होती. लेकरूबाळ नसलेलं ते घर मला पहिल्यांदाच एवढं मोठं वाटलं.

"मास्तर, मी घरी आलो आन् ती घरात न्हाय, असं कदी झालंच नवतं बगा," ते खालच्या आवाजात म्हणाले. "आता रोजच व्हनार." त्यांनी उंबऱ्यावर सरकून जागा केली. "घाई नसंल तर बसता का जरा? ती येईस्तोवर."

मी चपला काढल्या आणि त्यांच्या शेजारी बसलो.