पोट बिघडलं की येणाऱ्या वत्सलाअक्का

आमच्या बिल्डिंगमध्ये कुणाला जुलाब सुरू झाले की डॉक्टरच्या आधी वत्सलाअक्का येतात. त्यांना कुणी बोलावत नाही. बातमी त्यांच्यापर्यंत पोचते कशी, हे मला अजून उमगलेलं नाही. चेहरा दुखवट्याला आल्यासारखा असतो, पण डोळे चमकत असतात. "काय खाल्लंस? कुठं? चटणी होती का?" अशी चौकशी दारात उभ्याउभ्याच सुरू होते.

अक्का आमच्या समोरच्या फ्लॅटमध्ये एकट्या राहतात. सूक्ष्मजीवशास्त्रज्ञ. जन्मभर एका संशोधन संस्थेत साल्मोनेला नावाच्या जंतूवर काम केलं. आता निवृत्त झाल्यात, असं संस्थेचं म्हणणं आहे. अक्कांना ते मान्य नाही. त्यांचं घराणं कितीतरी पिढ्यांपूर्वी इकडं कानडी मुलखात येऊन राहिलेलं, त्यामुळे त्यांचं मराठी निम्मं कानडीच्या वळणानं चालतं. मी साताऱ्याचा, इथल्या सरकारी कारखान्यात यंत्रं बघणारा इंजिनिअर. जे. पी. नगरात राहायला आलो आणि त्याच आठवड्यात आमची ओळख झाली. ओळख झाली तेव्हा मी संडासात होतो.

आदल्या संध्याकाळी गाडीवरचं अर्धकच्चं ऑम्लेट खाल्लं होतं. सकाळपासून फेऱ्या चालू होत्या. बाहेर माझी बायको नीता कुणाशी तरी बोलत होती, आणि तो आवाज हळूहळू दाराजवळ आला.

"ए, ऐकतोस की नाही?"

"ऐकतोय," मी म्हणालो. दुसरा इलाज नव्हता.

"तर बघ. जंतू तुझ्या आतड्याच्या पेशीला चिकटला. त्याच्या अंगावर सुया असतात, पोकळ. तू इंजिनिअर ना, तुला कळेल. खाली बैठक, वर नळी, टोक पेशीत रुतलेलं. त्या नळीतून तो आपली प्रोटीनं पेशीत सोडतो. आता प्रोटीन म्हणजे गुंडाळलेली लोकर, आणि नळी एवढीशी बारीक. मग काय करायचं? गुंडा उलगडायचा, त्याचा दोरा करायचा, दोरा आत सोडायचा. आत गेला की परत गुंडा."

"मग?" नीतानं विचारलं. मला तिचा राग आला.

"मग त्या प्रोटीनांनी पेशीला चळ लागतो. तिच्या अंगावर लाटा उठतात आणि ती आपण होऊन जंतूला कवेत घेते. आत आल्यावर तो काय करतो माहीत आहे? आणखी एक प्रोटीन सोडतो आणि पेशीची विस्कटलेली घडी परत बसवून देतो. आमच्या नात्यात एक पाहुणा असा नाही."

मी पाणी ओढलं.

"सगळे गेले नाहीत हं," बाहेरून अक्का म्हणाल्या.

त्या दिवशी संध्याकाळपर्यंत त्या आमच्याकडे ठाण मांडून होत्या. मीठ-साखरेचं पाणी स्वतः करून घोटाघोटानं पाजलं. मध्येच मी त्या जंतूला एक शिवी हासडली, तेव्हा मात्र त्यांचा चेहरा पडला. "नावं ठेवू नको की त्याला," त्या म्हणाल्या. "किती हुशार आहे तो."

ही हुशारी अक्का कुणालाही, कुठंही, कधीही समजावून सांगतात. त्यांचा भाचा एचएसआर लेआउटमध्ये राहतो. त्याच्या वाढदिवसाला त्यांनी कोशिंबिरीच्या भांड्यापाशी उभं राहून सुईचं सगळं काम सांगितलं. कोशिंबीर तशीच राहिली, पाठोपाठ बिर्याणीही राहिली, आणि पुढच्या वर्षी भाच्यानं वाढदिवस केला नाही. आमच्या कोपऱ्यावरचा पाणीपुरीवाला अक्कांना लांबून बघतो आणि हात जोडतो. "अक्का, इवत्तु बेडा." आज नको. त्यावर अक्का "सरी, सरी" म्हणून मान डोलावत पुढं जातात आणि परतताना त्याच्या गिऱ्हाइकाला गाठतात.

स्वतः त्या बाहेरचं काही खात नाहीत. लग्नाला जातात ते दहीभाताचा डबा घेऊन. पंगतीत बसतात, पानावर पडेल त्याच्याकडे जुन्या ओळखीच्या माणसाकडे बघावं तसं बघतात आणि डबा उघडतात. वाढपी त्यांना वगळून पुढं जातात. आम्हा सगळ्यांनाच त्याची सवय झाली होती.

गेल्या उन्हाळ्यात खालच्या मजल्यावरच्या कामाक्षीअम्मांच्या नातवाचं नामकरण झालं. जेवण गच्चीवर होतं. दुसऱ्या दिवशी सकाळी अख्खी बिल्डिंग आडवी. लिफ्टमध्ये कुणी कुणाच्या नजरेला नजर देईना. औषधाच्या दुकानात आमचीच माणसं पोट धरून रांगेत उभी होती. अक्कांच्या आयुष्यातला सोन्याचा दिवस होता तो. प्रत्येक घरात एक श्रोता, आणि तोही पळून जाऊ न शकणारा.

अक्का आल्या नाहीत.

आधी आम्ही हुश्श केलं. दुपारपर्यंत मात्र जो तो विचारायला लागला, अक्का तुमच्याकडे आल्या का? दुसऱ्या मजल्यावरचे शेणॉय तर चक्क रुसले होते. "माझ्याकडं अजून आल्या नाहीत," ते म्हणाले, जणू त्यांचे जुलाब हलक्या प्रतीचे ठरले होते.

नीताला राहवेना. मी जरा उभा राहू शकत होतो, म्हणून दोघं समोर गेलो. बेल वाजवली. बऱ्याच वेळानं दार उघडलं. अक्का भिंतीला धरून उभ्या होत्या. ओठ सुकलेले, डोळे खोल गेलेले. टेबलावर मीठ-साखरेच्या पावडरीची पुडी न फोडलेली पडली होती.

"पाणी उकळायला उभं राहवेना," त्या म्हणाल्या, आणि नीतानं त्यांना धरलं म्हणून पडल्या नाहीत.

मी कोपऱ्यावरच्या दवाखान्यातून डॉक्टरला घेऊन आलो. त्यानं सलाईन लावलं आणि मला बाजूला घेऊन सांगितलं की आणखी उशीर झाला असता तर मूत्रपिंडावर बेतलं असतं. त्यानं लिहून दिलेल्या गोळीचं नाव वाचून अक्कांनी पडल्या पडल्या दोन शंका काढल्या, तेव्हा मला जरा धीर आला.

डॉक्टर गेल्यावर नीता त्यांच्या उशाशी बसली. "अक्का, फोन का नाही केलात?"

"हातात घेतला होता की. मग वाटलं, कुणाला करू? सगळेच आजारी."

"पण तुम्ही खाल्लंत कधी? तुमचा तर डबा असतो."

अक्का वर पंख्याकडे बघत राहिल्या.

"त्या चटणीचं पातेलं सकाळपासून शेगडीच्या बाजूला उबेत होतं," त्या म्हणाल्या. "मी बघितलं होतं. कामाक्षीला सांगणारही होते. पण घरचं कार्य, तिचा चेहरा इतका फुललेला. मग ती स्वतः माझ्यापुढं आली. डबा बाजूला केला आणि पानावर इडली घातली, चटणी घातली. म्हणाली, 'अक्का, माझ्या नातवासाठी. अजून स्वल्प घ्या.' मी घेतली. परत आली, परत घेतली."

"माहीत असून?" मी विचारलं.

"माहीत होतं की." त्या जराशा हसल्या. "पण आग्रह कोण करतं रे मला?"

किती पंगतींना मी त्यांच्या शेजारी बसलो होतो.

सलाईन संपत आलं तशी त्यांना ग्लानी आली. नीता हळूच उठली. अक्कांनी डोळे न उघडता तिचा हात धरला.

"जाणार?"

"नाही, इथंच आहोत."

"इथं बसू नको. माणूस बघत बसलं की मला झोप येत नाही." त्यांनी तिचा हात सोडला. "स्वयंपाकघरात जा आणि भांडी वाजव जरा. घरात कुणी काम करतंय असं ऐकू आलं की बरं वाटतं."

नीता आत गेली. मी दारातून बघितलं. ओट्यावर एकही खरकटं भांडं नव्हतं, मोरी कोरडी ठणठणीत होती. तिनं क्षणभर इकडंतिकडं पाहिलं. मग फळीवरची घासलेली भांडी एकेक करून खाली काढली, नळ सोडला आणि ती पुन्हा घासायला बसली.