नागरगोजे सरांपुढं 'चेंज' म्हणू नका

चौसाळ्यात हायवेला माझं शिलाईचं दुकान आहे. तिथं 'पँट जरा चेंज करायचीय' म्हणणारं गिऱ्हाईक टिकत नाही. कारण इंग्रजीचे रिटायर शिक्षक नागरगोजे सर सकाळपासून माझ्या बाकावर बसलेले असतात.

"कावून बे? चेंज करायची तर घरी जा, दुसरी घालून ये! ही ढिली हाय, हिला अल्टर करायचं. अल्टरमंदी वस्तू तीच राहती!"

गिऱ्हाईक पिशवी उचलून सरळ दुसऱ्या टेलरकडं जातं. सरांना पेन्शन आहे, त्यांचं काय जातं? पाय येतो तो माझ्या पोटावर!

शेजारच्या गॅरेजवाल्यानं मोटारसायकलीला मोठा सायलेन्सर बसवला आणि 'कन्व्हर्ट केली' म्हणाला. सर चवताळले. "कन्व्हर्ट म्हंजी एका कामाची वस्तू दुसऱ्या कामाला लावनं! हिच्यावर पिठाची गिरनी चालवतो का? मॉडिफाय म्हन!"

पुढाऱ्यानं भर सभेत 'गाव ट्रान्सफॉर्म केलं' म्हटलं, तर हे उभेच राहिले. "आळीचं फुलपाखरू होतं त्याला ट्रान्सफॉर्म म्हनत्यात. पयल्याची निशानीसुदिक राहत न्हाई. तुमी नालीवर फरशी टाकली!" लोकांनी टाळ्या पिटल्या आणि पुढाऱ्याच्या सफारीचं काम माझ्या हातून गेलं. असल्या माणसाला बसायला बाक तरी का द्यावा?

सरांच्या बायकोला आम्ही बाई म्हणायचो. दिवाळीनंतर त्या वारल्या. आमच्याकडं घरातल्या वारलेल्या बाईमाणसाच्या साड्यांची गोधडी करून नातवंडांना पांघरायला देतात. परवा सुनेनं बाईंची हिरवी साडी सरांबरोबर पाठवली, धाकट्या नातवाची गोधडी करायला. मी मापं घेऊन कात्री उचलली, तर सरांनी माझं मनगटच धरलं.

"कापू नको."

"मापात बसवायची तर कापावी लागंल, सर."

"तसं केलं तर ट्रान्सफॉर्म हुईल रे. तिची निशानी राहनार न्हाई."

इतक्या वर्षांत पहिल्यांदाच मला त्यांच्या इंग्रजीचा राग आला नाही. मी कात्री खाली ठेवली.

"न कापता घड्या घालतो, सर. वरून नुसता धावदोरा."

सरांनी साडी चाचपत पदर वर काढला. मग खालच्या आवाजात म्हणाले, "पदर वरच्या कडंला घे. झोपल्यावर तोंडाशी आला पाहिजे."

गोधडी नातवासाठी आहे, याची आठवण मी त्यांना करून दिली नाही. माप तेवढं सरांच्या उंचीचं घेतलं.